घरी बनवायच्या रोजच्या वस्तू: मापं, चुका आणि त्यामागची कारणं

वजनकाटा (धागाकर्ता)

दही, लोणी, व्हिनेगर, साबण, धुण्याची पावडर घरी करायच्या कृतींना तोटा नाही. तोटा आहे तो ‘असंच का’ हे सांगणाऱ्यांचा. ‘थोडं कोमट’, ‘अंदाजे सोडा’, ‘घट्ट होईस्तोवर’ असल्या भाषेत लिहिलेली कृती एकदा जमते, दुसऱ्यांदा फसते आणि दोन्ही वेळा कारण काही कळत नाही. या धाग्यावर वजन ग्रॅममध्ये, तापमान सेल्सिअसमध्ये लिहूया, आणि पदार्थ फसला तर कशामुळे फसतो तेही. वाटी-चमच्याची मापं शक्यतो नकोत. बारीक मिठाचा चमचा आणि खड्या मिठाचा चमचा यांच्या वजनात दीडपट-दुप्पट फरक सहज पडतो.

साधनं तीनच. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा (मीठ, साबणाला लागणारा कॉस्टिक सोडा यांसाठी ०.१ ग्रॅमचा वेगळा असेल तर उत्तम), खुपसायचा थर्मामीटर आणि ३ ते ६ या टप्प्यात बारीक फरक दाखवणाऱ्या पीएचच्या पट्ट्या (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट). थर्मामीटर आधी तपासा: ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा, दोन मिनिटांनी शून्य दिसायला हवं. उकळत्या पाण्यात १०० दिसेलच असं नाही. उंचावर पाणी लवकर उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. म्हणून बर्फाची खूण जास्त भरवशाची.

सुरुवात दह्यापासून करा कुणीतरी.

विरजण

करतो. नावाला जागायला हवं.

एक लिटर दूध ८५ अंशांवर ३० मिनिटं धरा, किंवा ९०च्या वर १० मिनिटं. ‘उकळी आली की उतरवा’ हे दूध पिण्यासाठी ठीक, दह्यासाठी अपुरं. दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिनं (मुख्यतः बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन) या उष्णतेने उलगडतात आणि केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात. दही लागताना हीच जाळी पाणी धरून ठेवते. हा टप्पा घाईत उरकला की दही लागतं, पण चमचा घातल्याबरोबर पाणी सुटतं.

मग ४३ ते ४५ अंशांपर्यंत थंड करा. साय वर जमू द्यायची नसेल तर मधून मधून ढवळा. २० ग्रॅम ताजं विरजण (म्हणजे २ टक्के) अर्ध्या वाटी दुधात गुठळी न राहता फेटून मग सगळ्या दुधात मिसळा. भांडं ४० ते ४३ अंशांवर ४ ते ६ तास. पीएच ४.६ला पोचला की केसीन एकमेकांना धरतं, त्यालाच आपण ‘लागलं’ म्हणतो. या वेळात भांडं हलवायचं नाही. जाळी अर्धवट बांधलेली असताना हिसका बसला की ती तुटते आणि पुन्हा तशी जुळत नाही. लागल्यावर लगेच फ्रिजमध्ये, आणि निदान चार तास हात लावू नका. दही खरं घट्ट तिथे होतं.

विरजण जास्त घातलं की दही चांगलं लागतं हा गैरसमज आहे. ते लवकर आंबतं, रवाळ होतं आणि पाणी सोडतं.

चिमूटभर

@विरजण, दोन प्रश्न. दह्याला तार येते, चमचा वर उचलला की शेंबडासारखी लोंबते, त्याचं काय? आणि टेट्रापॅकचं दूध चालतं का?

विरजण

तार म्हणजे जिवाणूंनी तयार केलेली लांब साखळीची शर्करा, एक्सोपॉलिसॅकराइड. काही वाणांचा हा स्वभावच असतो आणि तापमान खाली राहिलं की तो जास्त दिसतो. ३० अंशांच्या आसपास रात्रभर ठेवलेल्या दह्यात वेगळेच जिवाणू पुढे सरकतात. वास, चव, रंग ठीक असेल तर तसं दही खायला हरकत नाही, पण त्याचं विरजण पुढे वापरू नका, नाहीतर तार वाढतच जाते. नवं विरजण आणा आणि ४२ अंश सोडू नका. गुलाबी किंवा केशरी डाग, केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळं भांडं फेकायचं. वरचा थर काढून खालचं खाणं नको.

टेट्रापॅकचं दूध कारखान्यातच कडक तापवलेलं असतं. फक्त ४३ अंशांपर्यंत कोमट करा आणि विरजण लावा. दही थोडं मऊ लागतं. लिटरला २५ ग्रॅम दूध पावडर मिसळली की ती उणीव भरून निघते.

जाता जाता: विरजण आठवड्याच्या आत वापरावं. दह्यात स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस अशी जोडी असते. दही जुनं झालं की पहिला आधी मागे पडतो, दुसरा उरतो आणि दही नुसतं आंबट होत जातं. ताजं दही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर महिनाभर विरजणाची चिंता नाही.

अर्धवट

सोयाच्या किंवा बदामाच्या दुधाचं?

विरजण

सोयाचं लागतं, त्यात प्रथिनं पुरेशी असतात. बदाम, ओट वगैरेंमध्ये केसीनही नाही आणि सोयाइतकी प्रथिनंही नाहीत, जाळी कशाची बांधणार? आंबट होतं, घट्ट होत नाही. लिटरला १५-२० ग्रॅम स्टार्च आधी शिजवून घ्यावा लागतो.

रवीदोरी

लोण्याचं मी लिहिते. ३५ ते ४० टक्के स्निग्धांशाची मलई हवी. आंबवलेलं लोणी हवं असेल तर लिटरभर मलईत ३० ग्रॅम ताजं ताक घालून २०-२२ अंशांवर १२ ते १८ तास. नंतर थंड करायची आणि घुसळताना १२ ते १४ अंशांवर आणायची. सगळी मेख या दोन अंशांत आहे. मलई गरम असेल तर लोणी तेलकट, पातळ येतं आणि बरंचसं ताकात वाहून जातं. ८ अंशांखाली असेल तर नुसता फेस होतो, हात दुखतात आणि लोणी काही येत नाही.

घुसळताना कानही द्या. आधी पातळ खळखळ, मग फेस चढला की आवाज दबतो, भांड्याला मलई जाड लिंपली जाते. इथे बऱ्याच जणांना वाटतं बिघडलं. थांबू नका. पांढऱ्यावर पिवळट झाक येते, पृष्ठभाग खडबडीत दिसतो आणि एकाएकी पुन्हा खळखळ ऐकू येते: ताक सुटलं. दाणे मटारएवढे झाले की बस. आणखी घुसळलं तर गोळ्याच्या पोटात ताक कोंडतं.

ताक गाळून घ्या, बर्फाच्या पाण्याने लोणी धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. तीन-चार पाणी लागतात. मग लाकडी उलथन्याने दाबून पाणी काढा. आत राहिलेल्या ताकातली साखर आणि प्रथिनं यांवरच जिवाणू वाढतात. न धुतलेलं लोणी चार दिवसांत आंबूस वास मारतं ते त्यामुळे. मीठ घालायचं तर १.५ ते २ टक्के. ३५ टक्क्यांच्या एक लिटर मलईतून ४०० ग्रॅमच्या आसपास लोणी येतं. ३०० आलं तर बाकीचं ताकात गेलंय, तापमान तपासा.

शिळंपाकं

मिठात आंबवलेल्या भाज्या राहिल्या. इथे चूक जवळपास नेहमी एकच असते: टक्के कशाचे काढायचे?

कोबी चिरून त्याच्याच पाण्यात आंबवायचा असेल तर कोबीच्या वजनाच्या २ टक्के मीठ. एक किलोला २० ग्रॅम. दहा मिनिटं चोळा, पाणी सुटतं, बरणीत दाबून भरा. पाणी कोबीच्या वर यायला हवं. नाही आलं तर २ टक्क्यांचं मिठाचं पाणी वरून घाला, साधं नको.

गाजर, काकडी, फुलकोबी यांचे तुकडे पाण्यात ठेवायचे तर मीठ भाजी अधिक पाणी अशा एकूण वजनावर. समजा ६०० ग्रॅम गाजर आणि ५०० ग्रॅम पाणी: एकूण ११००, त्याचे ३ टक्के म्हणजे ३३ ग्रॅम. फक्त पाण्याचे ३ टक्के धरले तर १५ ग्रॅम पडतात. काही दिवसांत मीठ गाजरात शिरून सगळीकडे समान होतं आणि प्रत्यक्षात उरतात १.४ टक्के. एवढ्या मिठात भाजी बुळबुळीत होते आणि मग दोष बरणीला दिला जातो.

तापमान १८ ते २२. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू वायू सोडतात, म्हणून पहिला आठवडा झाकण सैल ठेवा किंवा रोज एकदा उघडून बंद करा. नंतर आम्लात तगणारे लॅक्टोबॅसिलस ताबा घेतात. कोबीला तीन ते चार आठवडे. पीएच ४.६च्या खाली आठवड्याच्या आत जायलाच हवा. नाही गेला तर चव घेत बसू नका, फेका.

वर पांढरा, सुरकुतलेला, कोरडा पातळ पापुद्रा आला तर ते काह्म यीस्ट. दिसायला वाईट, चव थोडी बिघडवतं, बाकी निरुपद्रवी. काढून टाका. केसाळ आणि हिरवं, काळं, गुलाबी असेल तर ती बुरशी. सगळ्या बरणीला रामराम.

काकडी मऊ पडते, त्याचं कारण बहुतेक वेळा फुलाकडचं टोक. त्यातली एन्झाइम पेक्टिन (भाजीचा करकरीतपणा राखणारा घटक) तोडतात. त्या बाजूने दोन-तीन मिलिमीटर कापून टाका.

आम्लराज

व्हिनेगर. दोन पायऱ्या: साखरेची दारू, दारूचं अ‍ॅसेटिक आम्ल. पहिलीत हवा नको, दुसरीत हवाच हवी. दोन्ही एकाच बरणीत, एकाच झाकणाखाली उरकायला गेलं की घोटाळा होतो.

हिशेब सोपा आहे. लिटरला १७ ग्रॅम साखरेतून साधारण १ टक्का अल्कोहोल, आणि १ टक्का अल्कोहोलपासून साधारण १ टक्का आम्ल. गळती धरून ५ टक्क्यांच्या व्हिनेगरला लिटरला १०० ग्रॅम साखर लागते, फळातली आणि वरून घातलेली मिळून. नुसती सफरचंदाची सालं पाण्यात टाकून दोन चमचे साखर घातली तर होतं ते आंबट पाणी. फोडणीला, कोशिंबिरीला चालेल, टिकवायला नाही.

पहिली पायरी: रस, साखर, चिमूटभर यीस्ट, सैल झाकण, २० ते २५ अंश, दोन आठवडे. बुडबुडे थांबले की गाळा. दुसरी: चार भाग हा द्रव, एक भाग न तापवलेलं कच्चं व्हिनेगर, रुंद तोंडाची बरणी अर्धीच भरलेली, वर दाट कापड, २५ ते ३० अंश. सुरुवातीलाच व्हिनेगर घातल्याने पीएच खाली राहतो आणि बुरशीला जागा मिळत नाही. वर जेलीसारखी साय धरते, तिला हलवू नका. बुडली तरी बिघडत नाही, पण नवी धरेपर्यंत वेळ जातो. चार ते आठ आठवडे लागतात.

तयार झाल्यावर उघडं ठेवू नका. अल्कोहोल संपलं की हेच जिवाणू आम्ल खाऊन त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करायला लागतात. बाटली काठोकाठ भरून बंद करा.

चिमूटभर

५ टक्के झालं हे कळायचं कसं? पट्टीने?

आम्लराज

पट्टीने नाही. पीएच आणि आम्लाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅसेटिक हे सौम्य आम्ल, प्रमाण निम्मं झालं तरी पट्टीवर फरक जेमतेम ०.१५चा.

अनुमापन करा, म्हणजे आम्ल मारायला किती अल्कली लागतो ते मोजा. एक लिटर पाण्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा. एक मिली व्हिनेगर २०-३० मिली पाण्यात, त्यात दोन थेंब फेनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं सूचक). सिरिंजने कॉस्टिकचं द्रावण थेंब थेंब सोडा आणि हलवत राहा. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. लागलेले मिली गुणिले ०.६ म्हणजे टक्के. ८.३ मिली लागले तर ५ टक्के.

कॉस्टिक हवेतलं पाणी शोषतो, त्यामुळे ४ ग्रॅम खरे ४ नसतात. म्हणून आधी लेबलवर प्रमाण छापलेलं विकतचं व्हिनेगर तपासा. छापलंय ५ आणि त्याला लागले ९ मिली, तर तुमच्या द्रावणाचा गुणक ५ भागिले ९. घरच्या व्हिनेगरला तोच लावा.

शिळंपाकं

+१. आणि मोजलेलं नसेल तर घरच्या व्हिनेगरवर बाटलीबंद टिकाऊ पदार्थ करू नयेत. तशा कृतींमध्ये ५ टक्के गृहीत धरलेले असतात.

खटाटोप

दोन छोट्या कृती, चहा गार व्हायच्या आत.

बेकिंग पावडर: खाण्याचा सोडा ३० ग्रॅम, क्रीम ऑफ टार्टर ६७, मक्याचा स्टार्च ३०. स्टार्चचं काम ओल शोषून दोघांना लांब ठेवणं. क्रीम ऑफ टार्टर नसेल तर ३० ग्रॅम सोड्याला निर्जल सायट्रिक आम्ल २३ ग्रॅम. ही पावडर ओली झाल्याबरोबर बहुतेक वायू सोडते, विकतच्यासारखी भट्टीत दुसऱ्यांदा फुगत नाही. पीठ कालवलं की थेट भट्टीत. दहा मिनिटं फोन आला तर केक बसलाच समजा.

शेंगदाण्याचं बटर: दाणे १६५ अंशांवर १५ ते २० मिनिटं, सालं काढून गरम असतानाच मिक्सरमध्ये. आधी कूट, मग भिंतीला चिकटलेला गोळा, मग अचानक सैल. गोळ्याच्या टप्प्यावर तेल ओतायचा मोह आवरा, पाच मिनिटांत दाण्यांचंच सुटतं. पाण्याचा थेंबही नको. पाणी किंवा मध पडला की प्रथिनं आणि साखर ते ओढून घेतात आणि सगळं आवळून ढेकूळ होतं. मीठ १ टक्का, दळून.

वजनकाटा

आता स्वयंपाकघरातून मोरीकडे. सुरुवातीलाच एक काटा काढतो: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ‘सर्वगुणसंपन्न क्लीनर’. फसफसतं म्हणून काम करतंय असं वाटतं. उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं फिकट पाणी. अल्कलीने चिकटा निघतो, आम्लाने क्षार निघतात. दोघं एकमेकांना मारून टाकतात. वेगवेगळे वापरा, मध्ये पाण्याने धुवून.

खटाटोप

धुण्याचा सोडा मात्र घरी होतो आणि नीट होतो. खाण्याचा सोडा स्टीलच्या किंवा काचेच्या ताटात पातळ पसरून २०० अंशांवर तासभर, दोनदा ढवळून. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वजन ३७ टक्के घटतं. ५०० ग्रॅम घातले तर ३१५च्या आसपास उरले पाहिजेत. ३६० भरले तर झालेला नाही, परत आत. रंगरूपावर जाऊ नका, दोन्ही पांढरेच. अ‍ॅल्युमिनियमचं ताट नको, ते काळवंडतं. हातमोजे घाला, याच्या द्रावणाचा पीएच ११च्या वर असतो.

साबणवडी

आणि मग लोक या सोड्यात साबण किसून घालतात आणि त्याला डिटर्जंट म्हणतात. पाणी मऊ असेल तर चालतं. जड पाण्यात साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका होतो आणि तो धाग्यांत बसतो. पाच-सहा धुण्यांत पांढरे कपडे करडे, टॉवेल पाणी शोषेनासे. ओळखायचं तर धुतलेला टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोन तास भिजवा. पाणी गढूळ झालं तर साका आहे. माझं मत विचाराल तर कपड्यांसाठी विकतची पावडर घ्या, घरच्या सोड्याने पाणी मऊ करा आणि विकतचीचं माप कमी करा.

डागांसाठी सोडियम परकार्बोनेट चांगलं, पण ४० अंशांखाली ते फार मंद चालतं. आणि पाण्यात कालवून बाटलीत बंद करून कधीही ठेवू नका. ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुटते.

अर्धवट

केटलमधला पांढरा थर?

खटाटोप

लिटरला २५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, कोमट पाणी, अर्धा तास. खळखळ उकळू नका. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं, आधीच्या थरावर नवा थर चढतो.

साबणवडी

अंगाच्या साबणाचं सविस्तर लिहितो, कारण इथे चूक महागात पडते.

प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक वेगळा. एक ग्रॅम तेलाला ग्रॅममध्ये: ऑलिव्ह ०.१३४, खोबरेल ०.१८३, एरंडेल ०.१२८, सूर्यफूल ०.१३४. एक किलो तेलाचं उदाहरण घेऊ.

ऑलिव्ह ६०० × ०.१३४ = ८०.४
खोबरेल ३०० × ०.१८३ = ५४.९
एरंडेल १०० × ०.१२८ = १२.८
एकूण १४८.१

यातून ५ टक्के वजा करायचे, म्हणजे थोडं तेल न मुरता शिल्लक राहतं आणि वडी कातडीला बोचत नाही: १४०.७ ग्रॅम. पाणी दुप्पट, २८१ ग्रॅम. खोबरेलाने फेस आणि कडकपणा येतो, पण ते तीस टक्क्यांच्या फार वर गेलं की साबण त्वचा कोरडी करतो. एरंडेल फेस टिकवतं. दहा टक्क्यांच्या फार पुढे गेलात तर वडी चिकट.

‘मिली’मध्ये मोजू नका, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. आणि एक तेल बदलून दुसरं घातलं तर हिशेब पहिल्यापासून. ३०० ग्रॅम खोबरेलाऐवजी तेवढंच सूर्यफूल घालून कॉस्टिक तोच ठेवलात तर जवळपास १४ ग्रॅम कॉस्टिक जास्त होतो. पाच टक्क्यांची सूट संपून वर सात ग्रॅम मोकळा उरतो. तो साबण अंगाला लावायचा नाही.

कृती. चष्मा, लांब हातमोजे, उघडी खिडकी. स्टीलचं किंवा जाड पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिकचं भांडं. अ‍ॅल्युमिनियम बिलकुल नको: कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. थंडगार पाणी आधी, त्यात कॉस्टिक थोडा थोडा. उलटं कधीच नाही. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर तळाला एकदम उकळी फुटते आणि द्रावण तोंडावर उडतं. द्रावण स्वतःच ८० ते ९० अंशांपर्यंत तापतं आणि पहिली दोन मिनिटं घशाला झोंबणारी वाफ येते. तोंड बाजूला ठेवा. आधी दुधाळ दिसतं, मग काचेसारखं स्वच्छ होतं.

द्रावण आणि तेल दोन्ही ३५ ते ४० अंशांवर आले की द्रावण तेलात ओता. हँड ब्लेंडर तिरका बुडवून आतली हवा आधी घालवा, मग पाच सेकंद चालवा, दहा सेकंद नुसता ढवळा. मिश्रण पातळ कस्टर्डसारखं होतं, वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेष धरते. हा ‘ट्रेस’. साच्यात ओता, झाका, २४ ते ४८ तासांनी कापा, हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवा. साबणीकरण (तेल आणि कॉस्टिकचा साबण होणं) दोन-तीन दिवसांत जवळपास पुरं होतं. पुढचे आठवडे पाणी उडून वडी कडक व्हायला आणि फेस सुधारायला लागतात.

अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली १५-२० मिनिटं. व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेलं तर पाणी लावत लावतच डॉक्टरकडे.

चिमूटभर

सुगंध घातल्याबरोबर मिश्रण दगड झालं तर? आणि वरती पांढरी पूड धरते ती कॉस्टिक का?

साबणवडी

काही सुगंधी तेलं, विशेषतः लवंग, दालचिनी, साबणीकरण भलतंच वेगात पुढे ढकलतात. सुगंध हलक्या ट्रेसला, हाताने ढवळून घाला. दगड झालंच तर फेकू नका. जाड भांड्यात मंद आचेवर तासभर शिजवा, मऊ लगदा होतो, तो साच्यात दाबून भरा. दिसायला ओबडधोबड, वापरायला उत्तम.

पांढरी पूड बहुतेक वेळा धुण्याचा सोडाच असतो. वरच्या थरातला न मुरलेला कॉस्टिक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जोडला जातो. पहिले दोन दिवस नीट झाकलं तर कमी येते. धुवून जाते. वडीच्या पोटात पांढरे टणक खडे किंवा पाणी साचलेली छिद्रं असतील तर मात्र ते न विरघळलेलं कॉस्टिक असू शकतं.

महिन्या-दोन महिन्यांनी नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलाचा वास आला तर तेल खवट होतंय. सूर्यफूल, सोयाबीन अशी तेलं जास्त घातली की हे होतं. लोखंड, तांब्याचा अंश त्यात भर घालतो. तेलाच्या १ टक्का सोडियम सायट्रेट पाण्यात विरघळवून घातलं तर ते धातू बांधून ठेवतं आणि साकाही कमी होतो.

शिळंपाकं

काय करू नये याचीही यादी हवी. सनस्क्रीन घरी नको: झिंक ऑक्साइड चमच्याने ढवळून सारखं पसरत नाही, संरक्षण किती ते मोजता येत नाही. पाणी असलेलं क्रीम किंवा लोशन प्रिझर्वेटिव्हशिवाय नको, व्हिटॅमिन ई म्हणजे प्रिझर्वेटिव्ह नव्हे. ते तेल खवट होऊ देत नाही एवढंच, जिवाणूंना अडवत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल नको, क्लोरीन सुटतो. अमोनियाही नको.

आणि तेलातला कच्चा लसूण बाहेर ठेवायचा नाही. हवा नाही, आम्ल नाही, वर मातीतून आलेले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू. विष तयार झालं तरी वास येत नाही. फ्रिजमध्ये ४ अंशांवर चार दिवस, त्यापुढे फ्रीझर.

अर्धवट

शेवटचा प्रश्न. साबणात कॉस्टिक उरला का, हे जिभेने तपासतात असं वाचलं. झटका बसला तर कच्चा म्हणे. फेनॉल्फ्थॅलिन थेट वडीवर टाकलं तर?

साबणवडी

जिभेचं सोडा. आणि ओल्या वडीवर थेट टाकलंत तर चांगला साबणही गुलाबी होऊ शकतो. पाण्यात साबणाचा स्वतःचाच पीएच ९ ते १०.५ असतो, तो सातवर आणता येत नाही. आणला तर साबण फुटून तेलाची आम्लं वेगळी होतात.

एक ग्रॅम कीस २० मिली शुद्ध अल्कोहोलमध्ये घाला आणि गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून विरघळवा. आच पेटवू नका, वाफ भडकते. अल्कोहोलमध्ये साबण पाण्यासारखा फुटत नाही, त्यामुळे दिसेल तो अल्कली मोकळाच. दोन थेंब फेनॉल्फ्थॅलिन. रंग आला नाही तर वडी वापरा. गुलाबी झालं तर आणखी दोन आठवडे ठेवून पुन्हा तपासा. तरीही गुलाबीच राहिलं तर तो अंगाला नाही, फरशी पुसायला.